ओटीपोटात दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय: पहिल्या दिवसापासून तीन महिन्यांनंतरच्या तपासणीपर्यंत

ओटीपोटातल्या जंतुसंसर्गावर औषध आहे. ते महाग नाही, आणि सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं. तरीही तीच बाई चार-सहा महिन्यांत तेच दुखणं घेऊन परत येते. तिचे कागद बघितले तर दर वेळी तोच घोळ दिसतो. आधी मेडिकलमधून पांढऱ्या पाण्याची गोळी, मग सोनोग्राफी, मग डॉक्टर, मग चौथ्या दिवशी बंद केलेला कोर्स. नवऱ्याला तर यातलं काहीच माहीत नसतं.

दुखणं काय आहे ते थोडक्यात. योनीमार्गातले किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी असलेले जंतू वर चढून गर्भाशयात, गर्भनलिकांत आणि अंडाशयापर्यंत पोचतात. डॉक्टर याला पीआयडी म्हणतात, बोलीत ‘पिशवीला सूज’. गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे लैंगिक संबंधातून येणारे जंतू याचं मोठं कारण. योनीत एरवीही राहणारे काही जंतूही यात असतात, त्यामुळे प्रत्येक पीआयडी संबंधातूनच आली असं नसतं. उपचार लांबले तर नलिका आतून चिकटतात. पुढे मूल न राहणं, गर्भ नलिकेत राहणं आणि वर्षानुवर्षं ओटीपोट दुखणं हे सगळं त्यातूनच येतं.

१. आजच निघायचं का, ते आधी ठरवा

पुढच्यापैकी एक जरी असलं तरी हा लेख बाजूला ठेवा आणि रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

- पाळी चुकली आहे किंवा उशिरा येऊन थोडीशीच गेली, आणि आता पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय. गर्भ नलिकेत राहिल्याची ही लक्षणं असू शकतात. नसबंदी झाली असली किंवा तांबी बसवली असली तरी ही शक्यता उरतेच.
- १०१ फॅरनहाइटच्या वर ताप आणि ओटीपोटात सतत दुखणं.
- उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नाही.
- पोट कडक झालंय, हात लावू देत नाही.
- दुखणं अचानक, एका बाजूला आणि असह्य आहे. अंडाशयाला पीळ पडला असेल किंवा उजव्या बाजूला अपेंडिक्स असेल, तर शस्त्रक्रिया लागते.
- तुम्ही गरोदर आहात.

यातलं काही नसेल तर एक-दोन दिवसांत दवाखाना गाठायचा. ‘पाळी होऊन जाऊ दे, मग बघू’ असं करू नका. दुखणं असताना पाळीतही तपासणी होते.

२. मेडिकलमधून काहीही घेऊ नका

काउंटरवर ‘पांढरं जातंय’ सांगितलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट हातात पडते: बुरशीवरची फ्लुकोनाझोलची एक गोळी किंवा योनीत ठेवायची गोळी. दह्याच्या गाठींसारखा स्राव आणि भयंकर खाज असेल तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्यावर ही औषधं चालतात. माशासारखा वास असलेला पातळ राखाडी स्राव, फेसाळ पिवळा-हिरवा स्राव, गर्भाशयाच्या तोंडातून येणारा पू या सगळ्यांवरची औषधं वेगळी आहेत. क्लॅमिडिया तर बहुतेक बायकांत काही लक्षणच दाखवत नाही. स्रावाच्या रंगावरून घरी निदान करायला जाऊ नका, डॉक्टरसुद्धा नुसत्या रंगावर विसंबत नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलची जोडगोळी. भारतात गोनोरियाचे जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला केव्हाच दाद देईनासे झाले आहेत. दोन दिवस दुखणं दबतं, बाई निश्चिंत होते, आणि जंतू नलिकेत तसेच राहतात.

थांबा: आतून पाण्याचा फवारा मारणं, जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आत धुणं, सुगंधी वॉश वापरणं बंद. त्याने जंतू वर ढकलले जाऊ शकतात, शिवाय डॉक्टरांना जो स्राव बघायचा असतो तोच धुऊन जातो. बाहेरून साधं पाणी पुरे.

३. निघण्याआधी एका कागदावर लिहा

ओपीडीत दोन-तीन मिनिटं मिळतात. शेजारी सासू किंवा नवरा उभा असेल तर त्यातलीही निम्मी गप्प राहण्यात जातात. म्हणून लिहून न्या. कागद साधारण असा:

‘ओटीपोटात ९ दिवस दुखतंय, दोन्ही बाजूंना. संबंधाच्या वेळी आत दुखतं, नंतर थोडं रक्त दिसतं. स्राव पिवळसर, वास आहे. लघवीला जळजळ. शेवटची पाळी १२ तारखेला सुरू झाली. तांबी मागच्या महिन्यात बसवली. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही. रक्तवाढीच्या गोळ्या चालू. याआधी मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट सोबत आहे.’

यातलं तांबीचं वाक्य गाळू नका. तांबीमुळे वाढणारा पीआयडीचा धोका मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो, म्हणून तारीख लागते. हल्लीच गर्भपात, बाळंतपण किंवा क्युरेटिंग झालं असेल तर तेही लिहा.

आदल्या दिवशी संबंध नको आणि योनीत ठेवायची गोळीही नको.

४. कुठे जायचं आणि तिथे काय बोलायचं

खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ परवडत असेल तर उत्तम. नाहीतर जिल्हा रुग्णालय, बरीच उपजिल्हा रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी, औषधं आणि समुपदेशक हे सगळं मोफत मिळतं. खोली सापडत नसेल तर स्त्रीरोग ओपीडीत विचारा. जवळचं केंद्र १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही कळतं. काही ठिकाणी दारावर अजून ‘गुप्तरोग’ अशी जुनी पाटी दिसते. ती वाचून परत फिरू नका.

सर्वांत महाग पडणारी चूक होते ती इथेच. सरकारी व्यवस्थेत लक्षणांवरून औषधांचे रंगीत संच देतात. नुसत्या योनीच्या स्रावासाठी हिरवा संच असतो, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं. गर्भाशयाच्या तोंडाच्या संसर्गासाठी करडा संच असतो. ओटीपोटातल्या दुखण्यासाठी, म्हणजे पीआयडीसाठी पिवळा. बाई केसपेपर काढते आणि लाजत ‘पांढरं जातं’ एवढंच म्हणते. पोटदुखी तिला नेहमीचीच वाटते, म्हणून ती सांगतच नाही. मग गर्दीच्या ओपीडीत तिला हिरवा संच मिळून ती घरी जाते. हिरव्या संचातलं औषध नलिकेतल्या गोनोरियाला आणि क्लॅमिडियाला हातही लावत नाही. ‘सरकारी गोळ्यांनी फरक पडत नाही’ ही तक्रार मला बऱ्याचदा इथेच जन्मलेली दिसते.

म्हणून पहिलं वाक्य हे असू द्या: ‘ओटीपोटात दुखतंय आणि अंगावरून पांढरंही जातंय.’ दुखणं आधी, पांढरं नंतर.

सोबतच्या माणसासमोर बोलता येत नसेल तर ‘डॉक्टर, दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय’ एवढं म्हणा. ही मागणी त्यांना नवीन नाही. तुम्ही १८ वर्षांच्या वर असाल तर तपासणीला आणि उपचाराला तुमची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. लग्न झालेलं नाही पण संबंध आलेले आहेत, तर ते स्पष्ट सांगा. नाहीतर आतून तपासणीच होत नाही आणि नुसत्या सोनोग्राफीवर निभावलं जातं.

५. तपासणीचा क्रम

आधी लघवीची गरोदरपणाची चाचणी. नसबंदी झालेली असो, ‘शक्यच नाही’ अशी खात्री असो, ती करूनच घ्या. पुढची औषधं आणि धोक्याचा अंदाज दोन्ही तिच्यावर ठरतात. नमुना दिल्याशिवाय लघवीला जाऊन येऊ नका. नमुना दिल्यावर मात्र मूत्राशय रिकामं करा, म्हणजे आतली तपासणी कमी त्रासाची होते.

मग आतून तपासणी. स्पेक्युलम (योनी उघडून धरायचं साधन) घालून गर्भाशयाचं तोंड बघतात, गरज असेल तर कापसाच्या काडीवर स्राव घेतात. त्यानंतर दोन बोटं आत आणि दुसरा हात पोटावर ठेवून गर्भाशयाचं तोंड किंचित हलवून बघतात. त्या क्षणी दुखलं तर दात आवळून गप्प बसू नका. ‘दुखलं’ म्हणा, आणि उजवीकडे की डावीकडे तेही सांगा. पीआयडीचं निदान बहुतांशी त्या हलवण्यातल्या दुखण्यावर उभं असतं. दुसरी कुठलीही तपासणी त्याची जागा घेत नाही. तपासणीच्या वेळी एखादी नर्स किंवा बाई सोबत हवी असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या फक्त ८ टक्के जणींची त्याआधी कधी अशी तपासणी झाली होती. लाज आणि भीती समजण्यासारखी आहे, पण आतून न तपासता कुणी पीआयडीच्या गोळ्या लिहून देत असेल तर विचारा, ‘आतून बघायला नको का?’

सोनोग्राफी कशासाठी असते, तर नलिकेत पू साठलाय का, गाठ आहे का, गर्भ कुठे आहे, हे बघायला. ती नॉर्मल आली म्हणजे पीआयडी नाही असा अर्थ होत नाही. सुरुवातीच्या संसर्गात ती नॉर्मलच दिसू शकते.

रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही असू द्या. सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, ही चाचणी मोफत होते. ती तुमची संमती घेऊनच करतात आणि निकाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.

तपासा: स्रावाचा अहवाल यायला दिवस लागतात. त्यासाठी औषध थांबवून ठेवायचं नसतं. तपासणीत पीआयडीचा संशय आला की त्याच दिवशी सुरुवात.

६. चौदा दिवसांच्या गोळ्या

पिवळ्या संचात साधारण हे असतं: सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, एकदाच. मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. खासगीत सेफिक्झिमच्या जागी बहुधा सेफ्ट्रायॅक्झोनचं इंजेक्शन देतात. तुमच्या कागदावर जे लिहिलंय तेच अंतिम. हे नाव-डोस इथून उतरवून दुकानातून आणू नका.

घरी आल्यावर पाकिटं उघडून मोजा. मेट्रोनिडाझोल २८, डॉक्सीसायक्लिन २८. कमी असतील तर त्याच दिवशी परत जा, कारण आठवड्याच्या मध्ये गोळ्या संपल्या की बहुतेकींचा कोर्स तिथेच सुटतो.

गोळ्या जेवणानंतर, सकाळ-रात्र. डॉक्सीसायक्लिन पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून छातीत आग होते. रात्री झोपताना एका घोटावर गिळून पडणाऱ्या बायका ‘गोळी सोसत नाही’ म्हणतात ते यामुळेच. गोळीबरोबर दूध नको.

रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा अडथळा फार कमी जणींना सांगितला जातो. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची काही औषधं डॉक्सीसायक्लिनला आतड्यात बांधून ठेवतात, ती रक्तात पुरेशी पोचतच नाही. हे दोन आठवडे त्या थांबवायच्या का ते डॉक्टरांना विचारा. थांबवता येत नसतील तर निदान वेळा वेगळ्या ठेवा.

उपवासाच्या दिवशी कोर्स तुटतो. चतुर्थी, सोमवार, नवरात्र, काहीही असो, गोळी घ्यायचीच. साबुदाण्याची खिचडी किंवा भगर खाऊन घेतली तरी चालते. पाळी मध्येच आली तरी गोळ्या चालू ठेवा. ‘पाळीत गरम पडतं’ म्हणून थांबवू नका.

मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी गडद होऊ शकते, मळमळ होते. घाबरण्यासारखं नाही. दारू घेत असाल तर या काळात नाही. डॉक्सीसायक्लिनमुळे त्वचा उन्हाने लवकर भाजते, शेतात काम असेल तर डोक्यावर, हातांवर पदर हवा.

थांबा: अंगावर पित्त उठलं, तोंड-ओठ सुजले, धाप लागली तर गोळी बंद करून लगेच रुग्णालय. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर तोच डोस परत घ्यायचा का ते फोन करून विचारा.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं थांबतं. कोर्स सोडायचा मोह होतो तो नेमका तेव्हा. दुखणं थांबलं तरी जंतू संपलेले नसतात.

७. नवऱ्याचा उपचार, त्याच आठवड्यात

सगळं नीट होऊनही दुखणं परत येतं ते बहुतेक इथून. पुरुषात क्लॅमिडिया बहुधा गुपचूप असतो. ना जळजळ, ना स्राव. ‘मला काही होत नाही, मी कशाला गोळी घेऊ’ हे नवऱ्याचं वाक्य त्याच्या अनुभवाप्रमाणे खरंच असतं. पण तुमचा कोर्स संपला की पहिल्याच संबंधात जंतू परत येतात.

नियम असा की गेल्या दोन महिन्यांत ज्याच्याशी संबंध आले त्या प्रत्येक जोडीदाराचा गोनोरिया आणि क्लॅमिडियासाठी उपचार व्हायला हवा, लक्षणं असोत वा नसोत. सुरक्षा क्लिनिकमध्ये त्याच्यासाठी बहुधा करडा संच देतात. त्यात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम एकदाच घ्यायचं असतं, चौदा दिवसांचा खटाटोप नाही. तुमच्या गोळ्यांतल्या अर्ध्या त्याला देणं हा उपाय नव्हे. त्याने दोघेही अर्धवट राहता.

हे घरी सांगायचं कसं? ‘कुठून आणलंस?’ या प्रश्नापासून सुरुवात झाली की पुढचं सगळं बुडतं. क्लॅमिडिया महिनोन्महिने शांत बसू शकतो, त्यामुळे कुणाला आधी झाला हे चाचणीवरून सांगता येत नाही. शिवाय काही वेळा संसर्ग संबंधातून आलेलाही नसतो. म्हणून वाक्य असं ठेवा: ‘डॉक्टरांनी सांगितलंय, आत सूज आहे, दोघांनीही औषध घेतल्याशिवाय ती जाणार नाही. तुम्हाला एकदाच गोळ्या घ्यायच्या आहेत.’ भांडायचं असेल तर ते कोर्स संपल्यावरही करता येईल.

डॉक्टरांना केसपेपरवर दोन ओळी लिहायला सांगा: ‘पतीनेही तपासणीस यावे. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत.’ ज्या घरात बाईचं ‘नको’ ऐकलं जात नाही, तिथे डॉक्टरांचा कागद चालतो. तोही चालत नसेल तर निदान निरोध, आणि समुपदेशकाला ही अडचण उघड सांगा. ते नवऱ्याशी वेगळं बोलू शकतात. मारहाणीची भीती असेल तर घरी काही बोलण्याआधी तेच त्यांना सांगा.

संबंध पुन्हा कधी? तुमचा कोर्स पूर्ण, दुखणं थांबलेलं, आणि त्याने औषध घेऊन सात दिवस झालेले. तिन्ही अटी हव्यात.

८. तिसऱ्या दिवशी परत जा

ही फेरी जवळजवळ सगळ्याच चुकवतात. औषध सुरू झाल्यापासून ७२ तासांत ताप उतरायला आणि दुखणं स्पष्ट कमी व्हायला हवं. तसं झालं नाही तर निदान चुकलंय, आत पू साठलाय किंवा शिरेतून औषध लागणार आहे. चौदा दिवस वाट बघून मग ‘फरक नाही’ म्हणण्यात नलिकांचे दिवस वाया जातात.

तांबी लगेच काढायची गरज नसते. औषध सुरू करून दोन-तीन दिवसांत सुधारणा असेल तर ती आत ठेवूनही उपचार होतो. सुधारणा नसेल तर काढायचा विचार करतात. घाबरून आधी तांबी काढून घेणाऱ्या काही जणी पुढच्याच महिन्यात नको असलेला गर्भ घेऊन येतात.

९. तीन महिन्यांनी

चाचणीत गोनोरिया किंवा क्लॅमिडिया निघाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, बरं वाटत असलं तरी. एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणीही तेव्हाच पुन्हा, कारण नुकताच झालेला संसर्ग पहिल्या चाचणीत निसटू शकतो.

एकदा पीआयडी झाली की ती दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून फार जपायचं. स्वीडनमधल्या लुंड इथे बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा एका झटक्यानंतर साधारण ८ टक्के, दोनानंतर सुमारे २० टक्के आणि तीन किंवा जास्त झटक्यांनंतर ४० टक्के जणींच्या नलिका बंद पडून मूल राहणं अडलं होतं.

दोघांचेही उपचार पूर्ण झाले, तरी ओटीपोट दुखतंच आहे, पाळी कमी होत चाललीय, बारीक ताप आहे, वजन उतरतंय? तर गर्भाशयाच्या क्षयाची तपासणी करायला सांगा. आपल्याकडे तो नलिकांना सूज आणणारा नेहमीचा आजार आहे, आणि पिवळ्या संचाने तो हलत नाही. त्यासाठी गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेऊन क्षयासाठी पाठवावा लागतो.

आणि कुणी पहिल्या-दुसऱ्या भेटीतच ‘पिशवीला सूज आहे, काढून टाका, पुढे कॅन्सर होईल’ म्हणालं तर सही करू नका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशाच शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पीआयडी हे पिशवी काढण्याचं नेहमीचं कारण नाही, आणि पीआयडीची पिशवी ठेवली म्हणून कॅन्सर होत नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पाच गोष्टी सोबत न्या: आतून तपासणीची नोंद, सोनोग्राफीचा अहवाल, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, नवऱ्याच्या उपचाराचा कागद, आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची पॅप किंवा व्हीआयए चाचणी झाली असेल तर तिचा निकाल. यातलं काही झालेलंच नसेल, तर शस्त्रक्रियेचं बोलण्याआधी ते करून द्या असं डॉक्टरांना सांगा.